हळवा, अबोल आणि घातक

मराठी पडद्यावरचा खलनायक म्हटलं की निळू फुले आठवतात. तिरकी टोपी, घोगरा आवाज, आणि नजर कुणाच्या तरी जमिनीवर नाहीतर कुणाच्या तरी लेकीसुनेवर. (खरे निळूभाऊ राष्ट्र सेवा दलात घडलेले, चळवळींना हातभार लावणारे आणि बोलायला मऊ. पण ते असो.) त्या सरपंचाला काय हवंय हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं, कारण त्याला जे हवंय ते स्वतःसाठी हवंय. पैसा, खुर्ची, बाई, वाडा. असा माणूस समजायला सोपा आणि त्याचा राग करायलाही सोपा.

दुसऱ्या तऱ्हेचा खलनायक अवघड असतो. त्याला स्वतःसाठी काहीच नको असतं. तो लाच घेत नाही, मेजवान्या झोडत नाही, चारचौघांत फारसा बोलतही नाही. त्याच्या खोलीत पुस्तकं असतात. दुसऱ्याचं दुःख बघून त्याच्या पोटात तुटतं. जग असं का, हा प्रश्न त्याला झोपू देत नाही. आणि गोष्टीच्या शेवटी पाहावं तर सगळ्यात जास्त मुडदे यानेच पाडलेले असतात. हा माणूस तिथपर्यंत पोचतो कसा, ते जरा उलगडून बघू.

आजकाल अशा माणसाला एक तयार शिक्का मिळतो. व्यक्तिमत्त्वाचे सोळा प्रकार सांगणारी एमबीटीआय नावाची चाचणी ऑफिसातल्या ट्रेनिंगमध्ये किंवा इन्स्टाग्रामवर अनेकांनी दिलेली असते. तिच्यात चार अक्षरं मिळतात. पहिलं अक्षर तुम्ही अंतर्मुख की बहिर्मुख ते सांगतं. दुसरं, तुमचं लक्ष समोरच्या गोष्टींवर जास्त असतं की त्यांच्यामागच्या अर्थावर. तिसरं, निर्णय तर्काने घेता की मनाला काय पटतं त्यावर. चौथं, गोष्टी ठरवून टाकायला आवडतात की मोकळ्या ठेवायला. अंतर्मुख, अर्थ शोधणारे आणि मनाचं ऐकणारे असे तीन गुण एकत्र आले की दोन प्रकार तयार होतात, आयएनएफपी आणि आयएनएफजे. आपले ‘आदर्शवादी एकलकोंडे’ ते हेच. पहिल्याचा सगळा कारभार आतल्या मूल्यांवर चालतो. मला काय खरं वाटतं, मी कोण, माझ्याशी कोण प्रामाणिक आहे, हे त्याचे प्रश्न. दुसऱ्याच्या डोक्यात जग कसं असायला हवं याचं एक चित्र असतं आणि ते त्याचा पिच्छा सोडत नाही.

या चाचणीवर किती विसंबायचं? बेताने. तिचं मूळ कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या ग्रंथात आहे, पण चाचणी बनवली ती कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींनी. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. इझाबेलबाई तर त्याआधी रहस्यकादंबरी लिहून बक्षीस मिळवून बसलेल्या. आज संशोधक पाच घटकांचं मोजमाप जास्त मानतात, कारण बहुतेक माणसं अंतर्मुख आणि बहिर्मुख यांच्या मध्येच कुठेतरी असतात, आणि तीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं. तेव्हा नोकरी देताना किंवा स्थळ बघताना ही अक्षरं बाजूलाच ठेवावीत. पण कादंबरीतलं पात्र घडवणाऱ्याला ती उपयोगी पडतात. पात्र खऱ्या माणसापेक्षा नेहमीच थोडं ठळक रेषेत काढलेलं असतं, आणि कुठली रेघ ठळक करायची ते ही अक्षरं सुचवतात. लेखिकेच्या हातची चाचणी लेखकांना सोयीची वाटते, यात नवल नाही.

आता मुद्द्याकडे. हळवा माणूस खलनायक का होतो, याचं एक झटपट उत्तर सगळीकडे फिरत असतं. त्याचं मन मोडलं, जगाने त्याला लाथाडलं, मग त्याने आदर्श सोडले आणि तो वाईट झाला. मला हे उत्तर अजिबात पटत नाही. मन कुणाचं मोडत नाही? मन मोडलेली बहुतेक माणसं दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर जातात. शिवाय आदर्श सोडलेला माणूस फार तर कडवट होतो, आळशी होतो, चहाच्या टपरीवर बसून सगळ्या पुढाऱ्यांना शिव्या घालतो. त्याच्याकडून मोठा अपराध होत नाही, कारण मोठ्या अपराधाला मोठी निष्ठा लागते. माझ्या मते या माणसाचा आदर्श कधीच सुटत नाही. सुटतात ती माणसं. आधी एक माणूस त्याच्या नजरेआड होतो, मग दुसरा, आणि शेवटी त्याच्याजवळ फक्त ‘मानवजात’ उरते. मानवजातीवर प्रेम करायला काही त्रास नसतो. ती घोरत नाही, उलट बोलत नाही, उसने पैसे मागत नाही.

याचा सगळ्यात चांगला नमुना मला कॅप्टन निमोमध्ये दिसतो. ज्यूल व्हर्नने तो १८६९–७० मध्ये क्रमशः छापून आलेल्या पाणबुडीच्या कादंबरीत आणला. मराठीत व्हर्न घरोघरी पोचवला भा. रा. भागवतांनी, त्यामुळे कित्येकांनी तो शाळेच्या वयातच वाचलेला असतो, आणि त्या वयात निमो म्हणजे सरळसरळ हिरो वाटतो. मोठेपणी पुन्हा वाचला की अंगावर येतो.

निमोच्या नॉटिलस नावाच्या पाणबुडीवर बारा हजार पुस्तकं आहेत. थोर चित्रकारांची चित्रं आहेत, एक ऑर्गन आहे, आणि तो एकटा असताना वाजवतो. पुस्तकांत विज्ञान आहे, काव्य आहे, नीतिशास्त्र आहे. अर्थशास्त्राचं मात्र एकही पुस्तक नाही, ते त्याने मुद्दाम हद्दपार केलंय. व्यवहार, तडजोड, देवाणघेवाण यांना या माणसाच्या जगात जागाच नाही, हे व्हर्नने एका ओळीत सांगून टाकलंय. एवढ्या बारकाईने पात्र उभं करणारा माणूस ‘मुलांचा लेखक’ म्हणून कपाटाच्या खालच्या खणात का राहिला, कोण जाणे.

हा निमो क्रूर आहे का? सिंहलद्वीपाच्या किनाऱ्यावर शार्कच्या तावडीत सापडलेल्या एका गरीब मोतीकाढ्याला तो स्वतः खंजीर घेऊन वाचवायला जातो आणि वर मोत्यांची पिशवी त्याच्या हातात ठेवतो. का, असं विचारल्यावर सांगतो, हा माणूस दडपलेल्यांच्या देशाचा आहे आणि मीही शेवटच्या श्वासापर्यंत त्याच देशाचा राहणार. तुर्कांविरुद्ध लढणाऱ्या क्रीटच्या बंडखोरांना तो समुद्रतळाचं सोनं पाठवतो. आणि हाच माणूस पुढे एक अख्खी युद्धनौका, तिच्यावरच्या खलाशांसकट, पाणबुडीच्या पोलादी टोकाने आरपार भेदून बुडवतो, आणि ती बुडताना काचेतून बघत राहतो.

बुडवण्याआधी तो एक विलक्षण गोष्ट करतो. त्या जागी समुद्रात ‘व्हेंजर’ नावाचं फ्रेंच क्रांतीतलं जहाज तळाशी पडलेलं असतं, १७९४ मध्ये लढता लढता बुडालेलं. निमो शत्रूला तिथे बुडवत नाही. त्या पवित्र अवशेषांत या जहाजाचे अवशेष मिसळायला नकोत म्हणून त्याला दूर ओढत नेतो आणि मग मारतो. जिवंत माणसांपेक्षा मेलेल्या जहाजाचा मान मोठा! एखादा दरोडेखोर असला सोवळेपणा कधी करणार नाही. हे फक्त आदर्शवादीच करू जाणे. मारायचं तर तेसुद्धा सोवळ्यात.

आणि त्यानंतर? तो आपल्या खोलीत जातो, भिंतीवरच्या एका बाईच्या आणि दोन लहान मुलांच्या चित्रापुढे गुडघे टेकतो आणि ढसाढसा रडतो. त्या जहाजावर ज्यांना जलसमाधी मिळाली त्यांच्याही घरी बायका असतील, मुलं असतील, हा विचार त्याला शिवत नाही असं मला नाही वाटत. तो विचार येऊ नये म्हणून त्याने डोक्यात काहीतरी व्यवस्था केलेली आहे, इतकंच.

ही व्यवस्था म्हणजे नेमकं काय, याचा अभ्यास अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने केला. त्याचं म्हणणं असं की बहुतेक माणसांचा सदसद्विवेक जागेवर असतो, पण त्याला वेळेपुरतं झोपवण्याच्या काही युक्त्या असतात. त्याने आठ सांगितल्या. कृत्याला मोठ्या ध्येयाचं कारण जोडायचं. त्याला सोज्वळ नाव द्यायचं, म्हणजे हत्या न म्हणता ‘न्याय’ म्हणायचं. समोरच्याने केलेल्या पापाशी तुलना करून आपलं पाप छोटं करायचं. परिणाम जवळून बघायचे नाहीत. समोरचा माणूसच नाही असं धरायचं, किंवा हे त्याने स्वतःवर ओढवून घेतलं असं म्हणायचं. उरलेल्या दोन युक्त्या जबाबदारी झटकण्याच्या आहेत, वरून हुकूम होता किंवा सगळेच करत होते, अशा. गंमत अशी की या शेवटच्या दोन युक्त्या आपल्या एकलकोंड्या माणसाला कधी लागत नाहीत. तो कुणाच्या हुकमात नसतो आणि कुणाच्या घोळक्यातही नसतो. निमो तर छातीठोकपणे सांगतो की कायदाही मीच आणि न्यायाधीशही मीच. त्याची सगळी मदार पहिल्या युक्तीवर, म्हणजे ध्येयावर. इथेच लोभी खलनायक आणि हा वेगळे होतात. लोभी माणसाला आत कुठेतरी ठाऊक असतं की आपण चोर आहोत. याच्या आत तसलं काही टोचत नाही.

रॉय बाउमायस्टर या दुसऱ्या अभ्यासकाने माणसाच्या दुष्टपणाची चार मुळं मांडली: फायद्याचा हव्यास, दुखावलेला अहंकार, दुसऱ्याच्या वेदनेतलं सुख, आणि चौथं मूळ आदर्शवाद. ही यादी पहिल्यांदा वाचताना चौथ्या नावाशी डोळे अडखळतात. पण त्याचं कारण साधं आहे. फायद्यासाठी मारणारा फायदा झाला की थांबतो, तोटा दिसला तरी थांबतो. ध्येयासाठी मारणाऱ्याला थांबणं म्हणजे ध्येयाशी गद्दारी वाटते. फ्रेंच क्रांतीतला पुढारी रोबेस्पिएर घ्या. एका सुताराच्या घरी भाड्याने राहणारा, कुणाच्या पैशाला हात न लावणारा हा वकील १७९१ मध्ये फाशीची शिक्षाच रद्द करा म्हणून भाषण करत होता. पुढच्या तीनेक वर्षांत, दहशतीच्या काळात, फ्रान्समध्ये सुमारे १७,००० माणसांना रीतसर मृत्युदंड झाला, आणि त्या दहशतीला सद्गुणाचं तत्त्वज्ञान पुरवणारा हाच होता. जुलै १७९४ मध्ये गिलोटिनने त्याचंही डोकं घेतलं. लोक त्याला ‘न विकला जाणारा’ म्हणत. विकला गेला असता तर कदाचित थोडी माणसं वाचली असती, असं मनात येतं खरं.

आता मघाचे दोन प्रकार पुन्हा घेऊ, कारण त्यांची घसरण एकसारखी होत नाही. निमो दुसऱ्या प्रकारचा, चित्रवाला. त्याच्या डोक्यात न्याय्य जगाचा नकाशा आहे आणि जे नकाशात बसत नाही ते पुसायचं आहे. पहिल्या प्रकारची घसरण फार खाजगी असते, आणि ती मला मेरी शेलीने १८१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरीतल्या, एका शास्त्रज्ञाने घडवलेल्या राक्षसात दिसते. लिहायला घेतली तेव्हा बाई अठरा वर्षांची होती. सिनेमांनी त्या राक्षसाला खिळे ठोकलेला, गुरगुरणारा मठ्ठ धटिंगण करून टाकलंय. पुस्तकातला राक्षस असा नाहीच. तो वाचतो. मिल्टन, प्लुटार्क आणि गटे ही त्याची शाळा. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं काय झालं हे ऐकून त्याला रडू येतं.

हा राक्षस जन्मताच टाकला जातो. रानात भटकताना एका गरीब कुटुंबाच्या झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपून राहतो आणि फटीतून त्यांना महिनोन्‌महिने बघतो. आधी तो त्यांचं थोडं अन्न चोरत असतो, पण यांचीच उपासमार होतेय हे लक्षात आल्यावर चोरणं सोडतो आणि रात्री गुपचूप सरपण तोडून त्यांच्या दारात ठेवतो. ती माणसं म्हणतात, कुणीतरी देवदूत आहे. आतून हा खूश. त्याने मनातल्या मनात त्यांच्याशी नातं जोडलंय, त्यांच्या सुखदुःखात तो सामील आहे, एक दिवस आपण समोर जाऊ आणि ते आपल्याला जवळ घेतील हे त्याने हजारदा रंगवलंय. त्यांना यातलं काहीच माहीत नाही.

मला वाटतं, एकलकोंड्या आदर्शवादी माणसाचं सगळ्यात नाजूक ठिकाण हे आहे. त्याची नाती बरीचशी एकतर्फी चालतात, त्याच्याच डोक्यात. त्यामुळे समोरचा जेव्हा वेगळं वागतो तेव्हा तो फक्त वेगळं वागत नाही, तो ‘करार मोडतो’. आणि तो करार समोरच्याने कधी पाहिलेलाही नसतो. राक्षस शेवटी धीर करून आंधळ्या म्हाताऱ्यासमोर जातो, दोघांचं बोलणंही सुरू होतं, तेवढ्यात मुलगा येतो आणि काठीने बडवून त्याला हाकलतो. पुढे नदीत बुडणाऱ्या मुलीला हा वाचवतो, तर बरोबरचा माणूस याच्यावर गोळी झाडतो. इथपर्यंत आपण पूर्णपणे त्याच्या बाजूने असतो.

मग तो एका लहान मुलाचा गळा दाबतो. त्यालासुद्धा त्याने आधी मारायला धरलेलं नसतं. एवढं लहान पोर, याला अजून माणसांचे पूर्वग्रह शिकवले नसतील, याला आपण वाढवू, मित्र करू, अशी ती कल्पना. पोरगं किंचाळतं आणि ज्याने याला घडवून टाकून दिलं त्या फ्रँकेन्स्टाइनचं नाव घेतं, आणि संपतं. पण याहून भयंकर प्रसंग लगेच पुढचा आहे आणि तो फारसा कुणाला आठवत नाही. त्याच रात्री एका गोठ्यात त्याला जस्टिन नावाची तरुणी झोपलेली दिसते. तिने त्याचं काहीच बिघडवलेलं नाही, तिने त्याला पाहिलेलंही नाही. तो तिच्याकडे बघत मनात म्हणतो, ही जागी झाली तर हीसुद्धा मला बघून किंचाळेल. मला कधी न मिळणारं हसू ही दुसऱ्या कुणाला देईल. तेव्हा हिनेच शिक्षा भोगावी. आणि मेलेल्या मुलाच्या गळ्यातली तसबीर तो तिच्या कपड्यांत सरकवतो. पोरगी फासावर जाते. न झालेल्या अपमानाचा सूड! बांडुराच्या यादीतली ‘दोष बळीवरच’ ही युक्ती इतक्या शुद्ध रूपात क्वचितच लिहिली गेली असेल.

या राक्षसाला कुठल्याही क्षणी विचारा, तो हेच सांगेल की मी मुळात चांगला होतो, दुःखाने मला सैतान केलं. आणि ते खोटं नाही. घोटाळा असा की हे वाक्य तो पुढच्या खुनासाठी परवान्यासारखं वापरतो. आपल्या परंपरेत कपाळावरची भळभळती जखम घेऊन तेल मागत हिंडणारा अश्वत्थामा आहे. त्यालाही बापाच्या कपटाने झालेल्या वधाचं खरं दुःख होतं, आणि त्या दुःखाच्या बळावर त्याने झोपलेली पोरं कापली. व्यासांनी त्याचं दुःख नाकारलं नाही आणि त्याला सोडलंही नाही.

तिसरा नमुना रशियन लेखक दस्तयेवस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ या कादंबरीतला रास्कोल्निकोव्ह, १८६६ सालचा. त्याला खलनायक म्हणावं का यावर वाद होईल, कारण सगळी कादंबरी त्याच्याच डोक्यात घडते. पण नायकच खलनायक असल्याने यंत्र आतून बघायला मिळतं. शिक्षण अर्धवट सोडलेला हा पोरगा पीटर्सबर्गमध्ये कपाटाएवढ्या खोलीत राहतो. त्याची आई ती खोली बघून म्हणते, ही तर शवपेटी. तो दिवसचे दिवस पडून राहतो, कुणाशी बोलत नाही आणि विचार करतो. खाणावळीत त्याच्या कानावर एक हिशेब पडतो. सावकारी करणारी एक दुष्ट म्हातारी मेली आणि तिच्या पैशांतून शंभर जीव वाचले, तर वाईट काय? बरं, हा निर्दय आहे म्हणावं तर तेही नाही. खिशातले शेवटचे पैसे तो एका दारुड्याच्या भुकेल्या पोरांसाठी खिडकीत ठेवून येतो. मार खाणाऱ्या घोडीच्या स्वप्नाने घाबराघुबरा होऊन उठतो.

तो म्हातारीला कुऱ्हाडीने मारतो आणि तेवढ्यात दारातून तिची सावत्र बहीण लिझावेता आत येते. भोळी, गरीब, म्हातारीचा मार खाणारी. हिशेबाच्या कागदावर ज्या दुबळ्यांसाठी हे सगळं चाललं होतं, त्यांतलीच एक. तिलाही तो मारतो. इथे सिद्धांत आणि माणूस समोरासमोर आले, आणि सिद्धांत वाचवायला माणूस गेला. दुसरी गोष्ट पैशांची. शंभर जीव वाचवायला घेतलेलं ते पाकीट तो एका दगडाखाली पुरतो. आत किती आहे हे उघडूनही बघत नाही! म्हणजे शंभर जीव ही सबबच होती. आपण नेपोलियनसारखे कुणी आहोत की साधी ऊ, हे त्याला स्वतःलाच दाखवायचं होतं, आणि पुढे सोन्या नावाच्या तरुणीजवळ तो हे कबूल करतो.

हळव्या माणसाचा अहंकार असा असतो. तो आरशापुढे उभा राहून मिशीला पीळ देत नाही. ‘माझ्याइतकं खोल कुणालाच जाणवत नाही’ असं त्याला वाटतं. मानसशास्त्रात आत्मप्रौढीचे दोन चेहरे सांगतात, एक मिरवणारा आणि एक लपलेला. लपलेला चेहरा लाजाळू असतो, टीकेने पटकन जखमी होतो, अपमान वर्षानुवर्षं चघळतो. वरून पाहणाऱ्याला तो नम्रच वाटतो. अंतर्मुख असणं आणि असं असणं या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे सांगायलाच हवं. एकटं बसून पुस्तक वाचायला आवडणाऱ्या लाखो माणसांपैकी कुणी जहाजं बुडवायला जात नाही. अंतर्मुखता गुन्हा घडवत नाही. ती फक्त एक बंद खोली देते, आणि त्या खोलीत एखादा भयंकर विचार वाढत असेल तर ‘अरे, काहीतरीच काय’ म्हणायला तिथे कुणी नसतं. चारचौघांत राहणाऱ्या माणसाच्या असल्या विचाराची भावंडांनी, मित्रांनी, शेजारच्या काकूंनी केव्हाच टर उडवलेली असते. निमोची पाण्याखाली कोण टर उडवणार? त्याचे खलाशीसुद्धा बाहेरच्या कुणाला न कळणारी भाषा बोलतात.

ज्यांना असं पात्र लिहायचंय त्यांच्यासाठी यातून दोन-तीन कामाच्या गोष्टी निघतात. एक म्हणजे, लहानपणीचा अत्याचार दाखवला की झालं, हा वेबसिरीजवाला शॉर्टकट टाळावा. जखम दाखवा, पण जखम आणि खून यांच्यामधली वर्षं जास्त दाखवा. त्या वर्षांत तो कुणाशी बोलायचा थांबला, कुणाचं पत्र त्याने उघडलंच नाही, कधीपासून तो ‘शेजारचा अमुक’ न म्हणता ‘ही असली माणसं’ म्हणू लागला, तिथे खरी गोष्ट आहे. दुसरं, त्याच्या तोंडी दहापैकी नऊ वाक्यं बरोबर द्या. इतकी बरोबर, की वाचकाने मान डोलवावी. दहाव्या वाक्याला मान डोलवायची सवय लागलेली असते आणि तेव्हाच दचकायला होतं. आणि त्याला खदाखदा हसवू नका. असा माणूस बहुधा रडतो, आणि आपण रडतोय म्हणजे आपण चांगलेच आहोत, असं त्याला वाटतं.

मग असा माणूस परत फिरतो का? तिन्ही लेखकांनी वेगवेगळी उत्तरं दिली. रास्कोल्निकोव्ह फिरतो, पण ‘मी चुकलो’ अशा युक्तिवादाने नाही. युक्तिवादात तो सैबेरियात पोचेपर्यंत हरतच नाही, तिथे आठ वर्षांची सक्तमजुरी भोगायला लागल्यावरही त्याचा अभिमान बराच काळ टिकून असतो. त्याला फिरवते सोन्या, म्हणजे एक विशिष्ट बाई, जी त्याच्यामागे तिथवर येऊन राहते. शिवाय ती मारल्या गेलेल्या लिझावेताची मैत्रीण असते, लिझावेताचा क्रूस तिच्या गळ्यात असतो. राक्षसाला असं कुणीच मिळत नाही. त्याने मागितलेली जोडीदारीणही अर्धी घडवून त्याच्या डोळ्यांदेखत फाडून टाकली जाते. तो आपल्या निर्मात्याच्या प्रेतावर रडतो आणि स्वतःची चिता रचायला बर्फात निघून जातो.

निमोचं उत्तर व्हर्नने काही वर्षांनी, १८७४–७५ च्या रहस्यमय बेटाच्या कादंबरीत दिलं. (दोन पुस्तकांतल्या तारखा एकमेकींशी जुळत नाहीत. व्हर्नलाही ते माहीत होतं.) व्हर्नला मुळात निमो रशियन सत्तेने ज्याचं कुटुंब मारलं असा पोलिश उमराव करायचा होता. प्रकाशक हेट्झेलने रशियातली विक्री बुडेल म्हणून मोडता घातला. मग दुसऱ्या पुस्तकात निमो निघाला बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, टिपू सुलतानाच्या नात्यातला, युरोपात शिकलेला आणि १८५७ च्या उठावात लढून बायको, मुलं, सगळं गमावलेला. बुंदेलखंड म्हणजे झाशीचा मुलूख. नेवाळकरांच्या त्या संस्थानाची कहाणी मराठी घरांत सांगितली जाते, त्यामुळे निमोचा हा राग आपल्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

बेटावर अमेरिकन यादवी युद्धातून बलूनने निसटलेले पाच जण येऊन पडतात. म्हातारा निमो एकटाच बेटाच्या पोटातल्या गुहेत नॉटिलससह राहत असतो. सुरुवातीला तो त्यांना टाळतो. मग त्यांच्या घरातल्या विहिरीच्या भुयारातून त्यांचं बोलणं ऐकू लागतो. गुलामगिरीविरुद्ध त्यांच्या देशाने केलेल्या लढ्याच्या गोष्टी त्याच्या कानावर पडतात, आणि ही माणसं नकाशात बसणारी की न बसणारी हे ठरवण्याआधीच त्याला ती आवडू लागतात. तापाने फणफणलेल्या पोरासाठी तो गुपचूप क्विनाइन ठेवून येतो. राक्षसाने सरपण ठेवलं होतं तसंच, पण इथे शेवट वेगळा आहे, कारण निमो स्वतःच त्यांना बोलावून घेतो, मरायला टेकल्यावर.

आणि आयुष्यात पहिल्यांदाच, ज्याने ‘न्यायाधीश मीच’ म्हटलं होतं तो दुसऱ्याला विचारतो: माझ्या आयुष्याबद्दल तुमचं मत काय? इंजिनियर सायरस स्मिथ उत्तर देतो की भूतकाळ परत आणता येईल असं मानण्यात तुमची चूक झाली, तुम्ही अटळ प्रगतीशी लढलात. हे उत्तर वाचून माझी चिडचिड होते. सत्तावनमध्ये ज्याची मुलं मारली गेली त्याला, गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या बाजूचा हा अमेरिकन, इंग्रजी राज्य म्हणजे प्रगती होती असं ऐकवतो! निमोचा उठाव चूक नव्हता. चूक होती ती कुठल्या जहाजावर कोण आहे हे न बघता पाणबुडीचं टोक रोखण्यात, आणि तिच्याबद्दल स्मिथ एक अक्षर काढत नाही. जुना निमो असता तर अशा उत्तरानंतर बोलणं संपलं असतं. हा निमो ते ऐकून घेतो, वाद घालत नाही, आणि या पाच जणांसाठी हिऱ्यामोत्यांची पेटी मागे ठेवून जातो.